मामांच्या हाताचा गुण

आमच्या मामासासऱ्यांच्या औषधानं आजवर एक मुंगीसुद्धा मेलेली नाही. ही गोष्ट जगात मला एकट्याला ठाऊक आहे आणि मी ती कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा, लोक अजून सांगतील की मामांच्या अंगणात पाय ठेवायला किडा भ्यायचा. भ्यायचा, हे खरं आहे. कशाला भ्यायचा, ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी मामा कसे आहेत ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना दोष द्याल. आणि त्यांना दोष देणारा एक माणूस आधीच आहे, तो म्हणजे ते स्वतः.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे कन्नड तालुक्यातले. उभी हयात साखर कारखान्यात वजनकाट्यावर गेली, रिटायर झाल्यावर गावाकडचा वाटा विकून संभाजीनगरात आले आणि आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. आमच्या कॉलनीत लोक प्लॉटच्या शेवटच्या विटेपर्यंत स्लॅब ओढतात. मामांनी अर्ध्या जागेत घर बांधून उरलेल्या अर्ध्यात माती तशीच ठेवली आणि तिच्यात जास्वंद, लिंबू, शेवगा, तुळस आणि मामींसाठी बांबूच्या मांडवावर चढवलेली जाई लावली. झालं असं की आजूबाजूच्या सिमेंटनं बेघर झालेला एकूण एक किडा मामांच्या अंगणात राहायला आला. मुंग्या, वाळवी, गोम, गोगलगायी, जास्वंदीवरचा पांढरा मावा, पावसाळ्यात विंचू. मामांना त्याचा राग नव्हता. उलट आयुष्यात पहिल्यांदाच तोलामोलाचा शत्रू भेटल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. प्रत्येक किड्याला त्यांनी नात्यातलं नाव दिलं होतं. मुंग्या म्हणजे सासुरवाडी, "बोलावलं नाय तरी रांग धरून येते." वाळवी म्हणजे भाऊबंद, "आतनं पोखरते, वरनं पत्ता लागू देत नाय." डास म्हणजे मोंढ्याच्या बाजारातले दलाल, कारण ते आधी कानाशी लागतात आणि मग रक्त पितात. विंचवाचं मात्र नाव घ्यायचं नाही. तो 'पाहुणा'.

या सगळ्या नातेवाइकांसाठी एक निळं प्लास्टिकचं पिंप होतं आणि ते नेमकं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, सामाईक भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. कडुलिंब, रुई, एरंड, सीताफळ, घाणेरी, जो पाला गाय खात नाही तो सगळा पाला त्यात. वर लसूण, हिरव्या मिरचीचा ठेचा, तंबाखू, शेण आणि गोमूत्र. हे सगळं काठीनं एकाच दिशेनं ढवळायचं आणि मुरू द्यायचं. मुरत आलं की आमच्या घरी भाजीला फोडणी दिलेली कळायची नाही. मी एकदा भीत भीत वासाचा विषय काढला, तर मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, वास नाय आला तर किड्याला कसं कळंल औषध हाय म्हणून?" मी खिडकी लावून घेतली. आमच्याकडे जालन्याचे पाहुणे दिवाळीला चार दिवस राहायच्या तयारीनं आले होते, ते फराळाचं ताट तसंच ठेवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. तेव्हा मामी चुलीपाशी बसल्यासारख्या गॅसपाशी पाटावर बसून म्हणाल्या होत्या, "ह्यांच्या औषधानं मुंग्या जात नायत, सोयरे जातेत."

गोमूत्र यायचं करमाडहून. दर रविवारी सकाळी मामा तिथल्या एका ओळखीच्या गोठ्यावर जायचे आणि दुपारी भरलेला डबा मांडीवर घेऊन बसनं परत यायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काका, डब्यात काय हाय?" मामा म्हणाले, "औषध." "कशाचं?" सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून मामांनी झाकण उघडलं. त्या दिवसापासून त्या बसमध्ये मामांना बसायला जागा मिळाली नाही असं कधी झालं नाही.

पण अंगण ही त्यांची शेती झाली. त्यांचं खरं दैवत होतं चिंचोका. विंचू असो, गांधीलमाशी असो, मधमाशी असो, डंखावर एकच इलाज. चिंचोका दगडावर पाण्यात उगाळायचा, तो आतून पांढरा आणि चिकट झाला की डंखावर दाबून बसवायचा. तो तिथं चिकटून राहतो, विष ओढून घेतो आणि विष संपलं की आपणहून गळून पडतो, असं मामांचं शास्त्र. अर्धे उगाळलेले चिंचोके त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याच्या डबीशेजारी कायम असायचे. दवाखान्याबद्दल त्यांचं मत साधं होतं. "डाक्टर काय करतो? सुई टोचतो. म्हंजे परत डंखच की." माझी नोकरी मोंढ्याजवळ शेतीच्या औषधांच्या दुकानात. तिच्याबद्दल ते माझ्या बायकोजवळ म्हणायचे, "माणूस सोन्यासारखा हाय तुझा. धंदा तेवढा इखाचा हाय."

हा इलाज त्यांना लहानपणी घाटात मेंढरं घेऊन उतरणाऱ्या एका धनगरानं दिला होता आणि देताना एक अट घातली होती. औषधाच्या बदल्यात काही घ्यायचं नाही. पैसा तर नाहीच. चहा नाही, पाणी नाही, उपकाराचा शब्द नाही. घेतलं की हाताचा गुण जातो. मामांनी ही अट अशी पाळली की बघणाऱ्याला दया यावी. करमाडलाच एका लग्नात नवरीच्या भावाला ऐन मुहूर्ताआधी कपाळावर गांधीलमाशी चावली. मामांनी तिथंच फरशीवर चिंचोका उगाळून त्याच्या कपाळावर बसवला, आणि त्या लग्नाच्या फोटोंत तो पोरगा अजून एका गंधाखाली दुसरं गंध लावल्यासारखा दिसतो. मग पंगत बसली. नवरीचे वडील हात धरून आग्रह करतायत आणि मामा हलायला तयार नाहीत, कारण ज्या घरात औषध दिलं त्या घरचं अन्न कसं खायचं. पाठवणी होईपर्यंत मामा मांडवाच्या खांबाला टेकून उपाशी बसले. मामी शांतपणे जेवल्या. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "तुमच्या वाटच्या जिलब्या म्या खाल्ल्या. म्या काय औषध दिलं नव्हतं."

मामींना या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. ठसका लागला तरी त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जायच्या. आणि त्यांचा हा अविश्वास त्यांना किती सांभाळत होता हे मला फार उशिरा कळलं.

एका उन्हाळ्यात अंगणातच त्यांच्या मनगटावर गांधीलमाशी चावली. मामा चिंचोका घेऊन धावले. मामींनी त्यांचा हात बाजूला सारला आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. मी सोबत गेलो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या आणि ओठ जाड झाले होते. इंजेक्शनं दिली, तासाभरानं उतरलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, की यांना ही माशी सोसत नाही. पुन्हा चावली तर गोळी घ्या आणि एक मिनिट न घालवता इकडे या.

घरी आलो तर मामा पायरीवर बसले होते. हातात तो चिंचोका तसाच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पिंप ढवळणं सोडलं, करमाडला जाणं सोडलं. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि मुंग्यांची रांग नुसती बघत राहायचे. जगातल्या सगळ्यांनी हसलेलं त्यांना चालत होतं, पण बायकोनं हात झिडकारला ते लागलं होतं. मला ते बघवेना. आता लिहितोय तर खरंच लिहितो, नुसती दया नव्हती. त्या अंगणातल्या मुंग्या आमच्या साखरेच्या डब्यापर्यंत येत होत्या आणि घरी रोज त्यावरून वाद होत होता. मी त्यांना म्हणालो, "मामा, मागचं पिंप जरा कमी मुरलं होतं का? पुन्हा एकदा करून बघा." त्यांनी उठून पिंपाचं झाकण उघडून आत बघितलं. पुढच्या रविवारी डबा घेऊन करमाडला गेले.

पिंप पुन्हा मुरल्यावरची एक रविवार सकाळ, मामा करमाडला आणि मामी माझ्या बायकोला घेऊन भजनाला गेलेल्या. मी दुकानातून आणलेलं कीटकनाशक पंपात कालवलं आणि भिंतीवरून उतरून त्यांच्या अंगणभर फवारलं. मुंग्यांच्या बिळांत, वाळवीच्या घरांत, जास्वंदीवर, पायरीखालच्या फटीत. जाईच्या मांडवाला गांधीलमाशांचं एक पोळं होतं, त्यावरही. वासाची भीती नव्हती. त्या पिंपाशेजारी माझ्या विषाचा वास कुणाला आला असता?

सोमवारी सकाळी मामांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. त्यांनी शनिवारी स्वतःचं औषध शिंपडलेलं होतं आणि आता सगळ्या अंगणात नातेवाईक उताणे पडले होते. मामा वाकून एकेकाकडे बघत होते. "बगा जावईबापू," ते हळूच म्हणाले, जणू मोठ्यानं बोललं तर मेलेले उठतील. "मुरायला टाइम द्यावा लागतो. म्याच घाई करत हुतो." मी म्हणालो, "मामा, गुण आहे तुमच्या हाताला."

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा म्हणालो की ते मलाच खरं वाटायला लागलं. दर रविवारी मी फवारायचो, दर सोमवारी मामा जिंकायचे. त्यांची चाल बदलली. कॉलनीतले लोक बाटल्या घेऊन पिंपापाशी यायला लागले. त्यांच्या घरी त्या औषधानं काहीच व्हायचं नाही, पण त्यावरही लोकांनी आपणहून तोड काढली की औषध तेच आहे, पण शिंपडणारा हात मामांचा नाही. आणि मला या सगळ्यात मजा येत होती. दुकानात दिवसभर मी विष विकायचो आणि कुणी कधी सुखी झालेलं बघायचो नाही. इथं एका पंपानं एक म्हातारा माणूस पुन्हा उभा राहिला होता, आणि हे मी केलं होतं.

मग मामी पालटल्या. एका सकाळी भिंतीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "लई हसले म्या ह्यांना. उगाच हसले. माणसानं हयातभर एक गोष्ट धरली, तर तिच्यात काय तरी असंलच की." मग पदर खोचत म्हणाल्या, "त्या डाक्टरच्या गोळ्या दिल्या फेकून. घरात वैद्य असताना कशाला?" मी हसलो. मला चांगलं आठवतं, मी फक्त हसलो. मामा आत होते आणि त्यांनी ते ऐकलं असणार, कारण त्या दिवशी ते विनाकारण खोकत अंगणात तीन-चारदा येऊन गेले.

त्या वर्षी गणपतीत कॉलनीच्या मंडळानं मामांचा सत्कार करावा, हे मीच सुचवलं. मामा ऐकेनात. "औषधाचं काय घ्यायचं नसतं जावईबापू. गुण जातो." मी म्हणालो, "मामा, शाल म्हणजे काय फी आहे का? हा मान आहे. माझं ऐका." मामींनीही भर घातली, "घ्या की. लग्नात जिलब्या सोडल्या, आता शाल तरी सोडू नका." मामांनी मान खाली घातली आणि मी माझ्या हातानं त्यांच्या खांद्यावर ती शाल घातली. नंतर ऑक्टोबरच्या उन्हात घामानं भिजत ते ती पांघरून दूध आणायला जायचे आणि कुणी विचारलं की म्हणायचे, "जरा कणकण वाटतीय."

दिवाळीनंतर मला दुकानाच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी जावं लागलं. एक रविवार चुकला. मांडवाच्या पोकळ बांबूत गांधीलमाशांनी पुन्हा घर केलं होतं. मामांनी तिथं आपलं औषध ओतलं आणि मामींना सांगितलं, "संपल्या त्या. खुशाल फुलं काढ." हे त्यांनी बढाईनं सांगितलं नाही, याआधी तसंच झालेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मामींनी वेलीत हात घातला. मानेवर आणि हातावर चावल्या.

बायकोचा मला फोन आला. "मामींना चावल्यात माशा. मामा चिंचोका लावतायत. मी दवाखान्यात चला म्हणते तर मामी नको म्हणतात. तुम्ही सांगा ना." तिनं फोन मामींच्या कानाला लावला. मी म्हणालो, "मामी, आधी दवाखान्यात जा." त्या म्हणाल्या, "उगा घाबरू नका. तुमीच तर म्हणत हुता ह्यांच्या हाताला गुण हाय. चिकटलाय चिंचोका. थोडं थांबून बगते." आवाज जरा जड होता. मागं मामा म्हणत होते, "उतरतंय बग. उतरतंय."

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मामी, ते औषध खोटं आहे, अंगणात मी विष मारत होतो. मामा शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं असतं. वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. मी म्हणालो, "बरं, पण जास्त थांबू नका," आणि फोन ठेवला. बाहेर जाऊन पाणी प्यायलो. पुन्हा फोन लावला तेव्हा कुणी उचलला नाही. रिक्षा दवाखान्याच्या दारात पोहोचली तेव्हा मामींचा श्वास थांबला होता. चिंचोका मानेला चिकटलेलाच होता, असं बायको नंतर म्हणाली.

मामांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. सगळं आटोपल्यावर त्यांनी ते पिंप एकट्यानं ढकलत नेऊन गटारात पालथं केलं. मीही फवारणी बंद केली. तो पंप मला हातात धरवत नाही. मामांचं औषध बंद झालं म्हणून किडे परत आले, असं कॉलनीला वाटतं. जास्वंद माव्यानं पांढरी पडली आहे. मुंग्या मामांच्या खुर्चीच्या पायावरून चढतात आणि ते त्यांना चढू देतात. आता कुणाला ते नात्यातल्या नावानं हाक मारत नाहीत.

परवा मामा आमच्या फाटकाशी आले. हातात घडी घातलेली शाल. म्हणाले, "ही परत घ्या जावईबापू." मी विचारलं, "का मामा?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "धनगरानं सांगितलं हुतं, काय घ्यायचं नाय म्हणून. म्या घेतलं. तिच्यायला, लई आवडली हुती मला ही शाल. हौसेनं पांघरली. हाताचा गुण गेला आन् त्यापायी ती गेली. औषधाचा दोष नाय. माझाच."

मी शाल घ्यायला हात पुढे केला. जाईची वेल आता भिंत ओलांडून आमच्या फाटकावर आली आहे. तिच्यातून एक गांधीलमाशी उठली आणि मला अंगठ्याजवळ चावली. मामांचा हात क्षणात सदऱ्याच्या खिशात गेला. चिंचोका बाहेर आला. अजून ते खिशात ठेवतात. माझा हात त्यांनी आपल्या तळव्यात घेतला, चिंचोका डंखापर्यंत आणला आणि तिथंच थांबले. "लावा मामा," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "नको. दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

मला माशी सोसते. साधी सूजही फारशी आली नव्हती. पण मामांनी चप्पलही न घालता रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली आणि दवाखाना येईपर्यंत माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. दर वळणावर विचारायचे, "श्वास बरा हाय ना?" त्याच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांसमोर ते हात जोडून म्हणाले, "सुई टोचा यांना. येळ नका घालवू." डॉक्टर हसून म्हणाले, गरज नाही. मामा म्हणाले, "टोचा."

जाता-येता रिक्षात आम्ही दोघंच होतो. शाल माझ्या मांडीवर होती. जाताना मी बोललो नाही, येतानाही नाही. घरी आल्यावर त्यांनी मला पाणी दिलं, माझा अंगठा उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "उतरलं. सुईनं उतरलं," आणि त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं.

शाल माझ्या कपाटात आहे. अंगणातले किडे मी मारत होतो, हे मला मामांना त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.